रिकामा करून परत आणा

मी एक जुना डबा आहे. मित्रांनो, हे वाक्य वाचून तुम्हाला विशेष काही वाटले नसेल. जुनी छत्री, जुने घड्याळ, जुनी सायकल अशा बऱ्याच जणांनी तुम्हाला आपापली कहाणी ऐकवली असेल आणि त्यांच्या म्हातारपणाचे तुम्हाला कौतुकही वाटले असेल. माझे तसे नाही. मी दवाखान्यातला, वापरलेल्या सुया टाकायचा डबा आहे. माझ्या जातीच्या डब्याने जुने व्हायचेच नसते. भरायचे, बंद व्हायचे आणि जायचे, एवढाच आमचा संसार. तेव्हा मी जुना आहे याचा अर्थ कुठेतरी फार मोठी चूक झाली आहे. ती कोणती, ते सांगतो. सांगून काही फरक पडेल असे मला वाटत नाही. पण मोठ्यांना सांगून झाले आहे, आता तुम्हीच उरलात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड, पांढऱ्या प्लास्टिकचा, आत किती भरले ते बाहेरून अंधुक दिसावे असा. आमच्यातल्या एका भावाला बाजूला घेऊन एका बाईने त्याच्या पोटात सुई खुपसून पाहिली. सुई वाकली, भावाला काही झाले नाही. सगळ्या घराण्याची छाती फुगली. माझ्या झाकणाला एक तोंड आहे. त्यातून सुई आत जाते, हात जात नाही. तोंडाशेजारी एक खटका आहे. पोटावरच्या रेषेपर्यंत भरलो की तो दाबायचा. एकदा तो बसला की तोंड कायमचे बंद. मग एक गाडी येते आणि आम्हाला दूर नेऊन, भट्टीत वितळवून संपवते. तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, पण आमच्यात कोण किती लवकर गेला यावरच घराण्याची अब्रू ठरते.

कारखान्यातून मी दवाखान्याच्या तळघरात आलो. तिथे भांडारघर आहे आणि भांडारघराला जाळीची एक खिडकी आहे. खिडकीमागे भांडारपाल बसतात. सगळे त्यांना काका म्हणतात. काका माणूस सज्जन. त्यांना एकच सवय, नवी वस्तू आली की तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहायचे. बादली असो, स्टूल असो. एकदा नवे रुजू झालेले डॉक्टर सही करायला वाकले, तर काकांनी तंद्रीत त्यांच्या पाठीवरही टकटक केले म्हणतात. काकांनी मला वाजवले, कान देऊन ऐकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“व्वा,” ते म्हणाले. “माल दणकट आहे. याला मरण नाही.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. तिनेच माझा घात केला.

त्याचे असे आहे. काकांच्या राज्यात वस्तूंच्या दोन जाती. एक संपणाऱ्या, म्हणजे कापूस, पट्टी, साबण. दुसऱ्या टिकणाऱ्या, म्हणजे बादली, ट्रे, स्टूल. संपणारी वस्तू मागितली की मिळते. टिकणारी नवीन हवी असेल तर आधी जुनी खिडकीवर परत आणून द्यावी लागते. हा नियम वाईट नव्हता. काका येण्याआधी दवाखान्यातल्या बादल्यांना पाय फुटत आणि त्या कोणाकोणाच्या घरी जाऊन राहत. काकांनी ते बंद केले. आता माझ्यासारखा खणखणीत वाजणारा डबा कापसाच्या रांगेत बसवायला कोणाचे मन होईल? काकांनी मला सन्मानाने बादल्यांशेजारी बसवले.

तिथून मी पुरुषांच्या वॉर्डात गेलो. सुया द्यायच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात माझी जागा. वॉर्डात डॉक्टर येत-जात असत, सिस्टर पाळीप्रमाणे बदलत असत, पण वॉर्ड ज्यांच्यामुळे उभा होता अशी माणसे दोन. एक मामा, रुग्णांना उचलणारा, हलवणारा आणि हसवणारा. दुसरी मावशी. मावशी झाडायची, पुसायची, भांडी घासायची, कचरा उचलायची आणि या सगळ्याबरोबर बोलायची. फरशीशी बोलायची, खिडकीशी बोलायची, मलाही सोडले नाही. “काय रे ढोल्या, भरलं का पोट?” असे ती मला रोज विचारायची. माझे नाव ढोल्या पडले ते तिच्यामुळे. ती कंत्राटातली होती. म्हणजे काम दवाखान्याचे, पगार कंत्राटदाराचा आणि चूक झाली तर तिची एकटीची.

पहिल्यांदा मी रेषेपर्यंत भरलो तेव्हा मला कोण आनंद झाला. मावशीने मला उचलले आणि सरळ तळघरात नेले. नवा डबा द्या म्हणाली. काकांनी जाळीतून माझ्याकडे पाहिले.

“मावशी, हा भरलेला आहे.”

“भरलाय म्हणूनच आणला ना काका.”

“भरलेला मी घेऊन काय करू? सुया माझ्या घरी नेऊ? रिकामा करून परत आणा, लगेच नवा देतो. माझं काही म्हणणं नाही.”

काकांचे खरोखरच काही म्हणणे नव्हते. मावशी मला घेऊन परत वर आली आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरांना तिने सगळे सांगितले. मुख्य सिस्टर त्या वेळी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने सलाईन लावत होत्या. त्यांनी मान न वळवता म्हटले, “मावशी, बघा ना काहीतरी.”

मित्रांनो, दवाखान्यात पुष्कळ आदेश निघतात. फलकावर लागतात, शिक्के मारून येतात. पण खरा दवाखाना या तीन शब्दांवर चालतो. बघा ना काहीतरी. याचा अर्थ असा, की काय करायचे ते मला ठाऊक आहे, मी ते तोंडाने म्हणणार नाही, आणि उद्या काही झाले तर मी हे बोललेच नव्हते.

मावशीने बघितले. मागच्या आवारात कचऱ्याची खोली आहे. तिथे एक मोठा ड्रम असतो. मावशीने एका हाताला दुधाची रिकामी पिशवी बांधली, चमच्याच्या दांड्याने माझे झाकण उचकटले आणि मला ड्रमवर उपडे केले. सुया खळखळत पडल्या. काही अडकल्या. तिने माझ्या बुडावर थापट्या मारल्या, जशा तान्ह्या बाळाला ढेकर यावा म्हणून मारतात. मग मला धुतले आणि खिडकीवर नेले. काकांनी मला पाहिले आणि म्हणाले, “अहो, हा तर चांगला आहे अजून. नवा कशाला? हाच वापरा.”

झाले. त्या दिवसापासून मी भरतो आणि रिकामा होतो. माझा खटका कोणी दाबत नाही, कारण दाबला तर मी उघडणार नाही, आणि उघडलो नाही तर रिकामा कसा होणार? इतर वॉर्डांतल्या डब्यांचेही हेच चालले होते, हे मला नंतर कळले. प्रत्येक वॉर्डात एक मावशी होती आणि प्रत्येक मावशीने काहीतरी बघितले होते.

आता प्रशिक्षणाकडे वळतो. दवाखान्यातल्या कचऱ्याचे रंग असतात. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, निळ्या डब्यात काय आणि पांढऱ्यात काय, हे शिकवायला एक सिस्टर नेमलेल्या होत्या. त्यांना सगळे इंद्रधनुष्य सिस्टर म्हणत. त्यांच्या तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होते आणि आवडतही असावे. बाई मनापासून शिकवायच्या. घरी भाजीची टोपलीसुद्धा रंग लावून मांडत असतील अशी त्यांच्याबद्दल थट्टा होती.

त्यांना वर्गात दाखवायला पांढरा डबा हवा होता. सगळ्या वॉर्डांत फिरून त्यांनी मला निवडले, कारण मी सगळ्यांत स्वच्छ होतो. सुया टाकायचा डबा इतका स्वच्छ कसा, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण स्वच्छतेला कोणी प्रश्न विचारत नाही. त्यांनी मावशीची पाठ थोपटली.

प्रशिक्षण सभागृहात होते. पहिल्या रांगेत डॉक्टरांसाठी गुबगुबीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर डॉक्टरांऐवजी पाण्याच्या बाटल्या बसल्या होत्या. कायमच्या नोकरीतल्या सिस्टरांना वॉर्ड सोडून येणे शक्य नव्हते. मग प्रत्येक वॉर्डाने ज्याला सोडता येईल त्याला पाठवले, आणि सोडता येतील अशा फक्त मावश्या आणि मामा होते. तेवढ्यात खालून निरोप आला, की फरशीवर काहीतरी सांडले आहे आणि एकही मावशी सापडत नाही. दोघींना परत जावे लागले. आमची मावशी मागच्या रांगेत बसून राहिली.

इंद्रधनुष्य सिस्टरांनी चांगले शिकवले. सुई टोचली तर काय करायचे, हे तर त्यांनी फार नीट सांगितले. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका. लपवू नका, लगेच येऊन सांगा. कावीळ आणि त्याहून वाईट आजार एका टोचण्यातून येऊ शकतात, पण वेळेवर आलात तर आमच्याकडे औषध आहे, लस आहे. जितके लवकर तितके बरे. तीन दिवस गेले तर मग आमच्या हातात फार काही नाही.

मग त्यांनी मला उचलून धरले. वर्ग सुरू होण्याआधी त्या रिकाम्या सभागृहात माझ्यासमोर एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होत्या. दवाखान्याच्या साहेबांनी त्यांना सांगितले होते, तुम्ही फार मवाळ आहात, जरा धाक दाखवा. मवाळ माणसाला धाक दाखवायचा तर पाठांतर करावे लागते. ते वाक्य त्यांनी आता म्हटले.

“हा डबा कधीही उघडायचा नाही. उघडताना कोणी दिसलं, तर त्याच्यावर कारवाई होईल. कंत्राटातलं माणूस असेल तर त्याच दिवशी काम बंद.”

सगळ्या मावश्या एकमेकींकडे न पाहता समोर पाहू लागल्या. सिस्टरांना वाटले, वाक्य छान बसले. त्यांनी विचारले, कोणाला काही विचारायचे आहे का? आमच्या मावशीचा हात वर निघाला. अर्ध्यावर आला, थांबला, आणि तिने त्याच हाताने डोके खाजवले.

तिच्या मनात काय होते ते मला ठाऊक आहे, कारण परत येताना जिन्यात ती मलाच म्हणाली, “ढोल्या, उघडायचा नाही म्हणतात. आणि रिकामा आण म्हणतात. तूच सांग आता.” मला सांगता येत नाही. मला तोंड आहे, पण ते फक्त सुया गिळायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला टोचले. सकाळची वेळ होती. मी काठोकाठ भरलो होतो, कारण आता ती भीतीने मला उघडायचे टाळू लागली होती. आधी ती मला रेषेपाशी रिकामे करायची, आता रेष बुडाली तरी थांबायची. शेवटी सुया माझ्या तोंडाबाहेर डोकावू लागल्या आणि मुख्य सिस्टर म्हणाल्या, मावशी, अहो हे काय, बघा ना. ती कचऱ्याच्या खोलीत गेली. आता कोणी पाहू नये म्हणून तिने दार आतून लोटून घेतले. त्या खोलीला खिडकी नाही. अर्धवट अंधारात तिने झाकण उचकटले. झाकणाच्या खाचेत एक सुई आडवी अडकली होती. ती पिशवीतून आणि अंगठ्याच्या मुळातून आत गेली.

ती ओरडली नाही. अंगठा समोर धरून बघत राहिली. रक्ताचा एक थेंब आला, मग दुसरा. ती मोरीपाशी गेली आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला. पिळला नाही, तोंडात घातला नाही. शिकवले होते तसे अगदी सगळे केले. फक्त शेवटचे केले नाही.

मामाने तिला दाराशी गाठले. तिच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी त्याने पाहिली आणि तो नेहमीसारखी थट्टा करायला निघाला होता, पण तिचा चेहरा बघून थांबला.

“सुई लागली?” त्याने विचारले.

तिने हात पदराआड घेतला.

“अगं मग जा की वर. सिस्टरबाईंनी सांगितलंय ना, औषध देतात म्हणून.”

“काय सांगू जाऊन?” मावशी म्हणाली. “डबा उघडत होते म्हणून सांगू?”

“दुसरं काहीतरी सांग. गादीखाली होती म्हणावं.”

“मग म्हणतील कोणाच्या गादीखाली. कोणत्या सिस्टरची चूक. त्या सिस्टरला बोलतील, ती मला धरेल.” तिने चिंधी घट्ट केली. “मामा, लेक बाळंत होऊन आलीये घरी. जावई काम शोधतोय. या महिन्यात माझं काम गेलं तर त्या पोरीच्या दुधात पाणी घालू का?”

मामा म्हणाला, काम जाईल म्हणून जीव घालवशील का? ती म्हणाली, एवढ्याशा टोचण्याने कोणी मरत नाही, तू आपला ट्रॉली ढकल. त्याने ट्रॉली ढकलली. मामाही कंत्राटातलाच होता.

मित्रांनो, मला दिवस मोजता येत नाहीत. पण ते तीन दिवस मी मोजले. पहिल्या दिवशी ती दोनदा जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी ती मामाला म्हणाली, की घरी गेल्यावर नातीला उचलून घ्यायला हात पुढे होतो आणि मागे येतो. कोणाच्या अंगातली सुई होती कोण जाणे. लेक विचारते, आई, बाळाला घेत का नाहीस, तर पाठ दुखते म्हणून सांगितले.

तिसऱ्या दिवशी इंद्रधनुष्य सिस्टर स्वतःच वॉर्डात आल्या. शिकवलेले कितपत उतरले ते बघायला त्या फिरत होत्या. मला वाटले, आता होईल. औषध देणारी बाई चालत तिच्यापुढे आली आहे, अजून काय हवे? सिस्टरांनी ट्रॉलीतून मला उचलले, आत पाहिले आणि खूश झाल्या. बाकीच्या वॉर्डांत डबे ओसंडून वाहतात, तुमचा बघा कसा नेहमी बेताचा भरलेला असतो, असे त्या म्हणाल्या. मावशी फरशी पुसत होती. ती पुसायची थांबली.

“मावशी, अंगठ्याला काय झालं?”

मामा लांब खाट सरकवत होता. खाट सरकायची थांबली.

मावशीने सिस्टरांकडे पाहिले. मग म्हणाली, “भाजी चिरताना कापलं, सिस्टर.”

“जपा हो,” सिस्टर म्हणाल्या. “अशा उघड्या हाताने कचऱ्याला हात लावू नका. थांबा.” त्यांनी आपल्या खिशातून चिकटपट्टी काढली, चिंधी सोडली, जखम जवळजवळ बुजली होती, आणि अगदी आईच्या मायेने ती पट्टी अंगठ्याला लावून दिली. वरून हलकेच दाबलीही. मग त्या पुढच्या वॉर्डात गेल्या. मावशी किती वेळ पट्टीकडे बघत बसली. मी ट्रॉलीवर होतो. मला त्या क्षणी फुटून जावेसे वाटले, पण मी फुटत नाही. माझे तेच तर कौतुक आहे.

मग काही झाले नाही. बरेच दिवस काहीच झाले नाही. मावशी पुन्हा फरशीशी बोलू लागली. नातीला उचलू लागली. मामा म्हणाला, बघ, उगाच घाबरलीस. ती म्हणाली, मी कुठे घाबरले, तूच घाबरला होतास. मलाही जरा बरे वाटले. आशा ही फार चिवट वस्तू आहे, तिलाही काकांनी बादल्यांशेजारीच बसवले असते.

नंतर मावशी थकू लागली. जिना चढताना बसायची. जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायची. फरशीशी बोलणे बंद झाले. एका दुपारी इंद्रधनुष्य सिस्टर व्हरांड्यातून येत होत्या आणि मावशी खिडकीच्या उजेडात उभी होती. सिस्टर चालता चालता थांबल्या. त्यांनी पुढे होऊन मावशीची खालची पापणी ओढून पाहिली. रंग ओळखणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. हाही रंग त्यांनी ओळखला.

तेव्हा सगळे बाहेर आले. चमचा, ड्रम, काकांची खिडकी, सगळे. मावशी सांगत होती आणि सिस्टर भिंतीला टेकून ऐकत होत्या.

“मला का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारले. “मी तिथेच होते. मी पट्टी लावली हो तुम्हाला. माझ्या हाताने लावली.”

“सांगणारच होते,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झाले नाही. “पण तुम्हीच म्हणाला होता ना, उघडणाऱ्याचं काम त्याच दिवशी बंद. तुम्ही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही, म्हणून विश्वास ठेवला.”

मावशीला आमच्याच वॉर्डात खाट मिळाली, बायकांच्या बाजूला जागा नव्हती म्हणून. पडदा लावला. पडद्यापलीकडून ती मामाला सांगायची, कोपऱ्यातला केर राहिलाय बघ. रोज तिच्या हातातून रक्त काढत, रोज सुई देत. त्या सुया कोणाकडे येणार? माझ्याकडेच. तिला टोचलेली प्रत्येक सुई माझ्या पोटात पडली. रेषेपर्यंत भरलो, तेव्हा कंत्राटदाराने पाठवलेली नवी मावशी मला घेऊन कचऱ्याच्या खोलीत गेली. तिला चमचा कुठे ठेवलाय ते कोणीतरी सांगितले होते.

डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक यातून उठतात, क्वचित एखाद्याचे यकृत असे एकदम बसते. मावशी क्वचितमध्ये निघाली. तिला जाग असे तेव्हा ती सिस्टरांना म्हणायची, लेकीची आणि बाळाची तपासणी करा, लस टोचा. ते मात्र सिस्टरांनी धावपळ करून केले. दोघीही ठीक निघाल्या. ते ऐकून मावशी हसली आणि म्हणाली, चला, पाठ दुखायची थांबली. हे कशावर म्हणाली ते फक्त मामाला आणि मला कळले. त्यानंतरच्या आठवड्यात तिचा पडदा काढला आणि गादी उन्हात टाकली.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की यातून काहीतरी चांगले झाले असेल. गोष्टीत तसे होते. इंद्रधनुष्य सिस्टर साहेबांकडे गेल्या. त्या मवाळ राहिल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, डबा संपणाऱ्या वस्तूंत टाका, एवढेच करा, बाकी मला काही नको. काकांनाही बोलावले. काका रडले. ते म्हणाले, मी आजच्या आज टाकतो, फक्त मला वरून तसा हुकूम द्या, मनाने टाकला तर उद्या मलाच विचारतील. साहेब म्हणाले, हुकूम वरून येतो, मी वर कळवतो. वर कळवले. वरचे काय म्हणाले ते अजून खाली आलेले नाही.

पण तोवर काहीतरी करायला हवे, हे बैठकीत सर्वांना पटले. बैठक लांबली, चहा दोनदा आला. ठरले ते असे, की डबा रिकामा करताना जाड हातमोजे आणि चिमटा वापरावा, दार उघडे ठेवून उजेडात रिकामा करावा, आणि याचे सर्व मावश्यांना प्रशिक्षण द्यावे. सिस्टरांनी विचारले, म्हणजे जे करूच नये ते कसे करायचे, हे मी शिकवू? साहेब म्हणाले, ते करणारच आहेत, निदान सुरक्षित करू द्या. सिस्टरांनी प्रशिक्षणाची तारीख लिहून घेतली.

काल ते प्रशिक्षण झाले. पुन्हा मीच टेबलावर होतो. सिस्टरांनी रंगांची माहिती भराभर संपवली. मग कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे चढवले. त्यांचे हात मुळात लहान आहेत, मोज्यांत हरवून गेले. त्यांनी माझे झाकण धरले आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतून आमची नवी मावशी उठली. ती धीट आहे.

“सिस्टर, आमच्या आधीच्या मावशींना हे शिकवलं नव्हतं का?”

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना बरोबर शिकवलं होतं.”

आणि त्यांनी माझे झाकण उचकटून दाखवले.

मित्रांनो, प्रत्येक जुनी वस्तू शेवटी तुम्हाला सांगते, मला जपा, मला टाकू नका. मी हात जोडून उलटे सांगतो. मला टाका. भरलो की बंद करा, न्या आणि वितळवा, आणि माझ्या मागोमाग माझा भाऊ आणा. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी साहेब होईल, कोणी जाळीच्या खिडकीमागे बसेल. समोर कोणी भरलेला डबा घेऊन उभे राहिले तर त्याला रिकामा मागू नका. आणि कोणाला धाक दाखवण्याआधी, त्याला तुमच्याकडे येऊन काही सांगावे लागणार आहे का, याचा विचार करा.

तुम्ही मोठे व्हायला अजून वेळ आहे, हे मला समजते. आज सकाळी नव्या मावशीने मला धुऊन ट्रॉलीत ठेवले आहे. तिच्या हाताला मोजे मोठे होतात, म्हणून तिने ते काढून ठेवले होते.